ग्राउंडचा टाका

मागच्या जूनमध्ये गाझियाबादच्या इंदिरापुरमहून एक तरुण प्लेस्टेशन 2 घेऊन माझ्याकडे आला. नंतरच्या काळातलं चपटं, काळं मॉडेल. त्याच्या मामांनी अमेरिकेतून पाठवलेल्या दहा-बारा मूळ डिस्का घरात होत्या. आपल्याकडे विकला गेलेला कन्सोल अमेरिकेतली डिस्क घेत नाही, म्हणून घरच्यांनी फार पूर्वी त्यात मॉडचिप बसवून घेतली होती. तक्रार त्याने एका वाक्यात सांगितली, "भैया, खोल के रखो तो चलता है, बंद करो तो लाल स्क्रीन."

लक्ष्मीनगरमधल्या माझ्या टेबलावर मी तो पालथा घातला, स्क्रू काढले, पत्रा उचलला. चिपकडून निघालेल्या वायरी राखाडी होत्या, जुन्या हार्डडिस्कच्या पट्टीतून एक-एक सोलून काढलेल्या. वीजपुरवठ्याची तेवढी लाल, त्याच पट्टीच्या कडेची. स्क्रूच्या भोकाजवळून वायरी डावीकडे वळवून नेल्या होत्या आणि दोन ठिकाणी ग्लू-गनचा थेंब टाकून बसवल्या होत्या. मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. ते काम माझं होतं. 2007 सालचं, मी एकोणीस वर्षांचा असतानाचं.

त्या तरुणाला हे मी लगेच सांगितलं. या कामाचे पैसे लागणार नाहीत, दोन दिवसांनी ये, एवढंच म्हणालो.

आमचं घर मूळचं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली आहेत हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पाऊस नाही, शेती पिकत नाही, मग मूस आणि चिमटा घेऊन परमुलूख गाठायचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, असेच दिल्लीत आले. चांदणी चौकातल्या कूचा महाजनी या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची भट्टी होती. मी पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलो आणि सुटीच्या दिवशी भट्टीवर जाऊन बसायचो. भट्टी मला नको होती. तेजाबाच्या धुराने आण्णांचा खोकला वर्षभर थांबत नसे, तो बघून आईनेच मला त्या कामापासून लांब ठेवलं. पण रस्ता ओलांडून पाच-सात मिनिटं चाललं की लाल किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट लागतं. रेडिओचे सुटे भाग, ट्रान्झिस्टर, रिमोट, व्हिडिओ गेम, सगळं तिथे. बारावीनंतर मी तिथल्या एका गाळ्यात बसायला लागलो. गाळा म्हणजे चार फुटांचं टेबल, समोर काचेचं कपाट आणि मागे भिंत. मालकांना सगळे उस्ताद म्हणत, मीही म्हणू लागलो.

तेव्हा प्लेस्टेशन 2 चे दिवस होते. जपानमध्ये तो मार्च 2000 मध्ये आला, आणि आपल्याकडे त्याची चलती पुढे कितीतरी वर्षं टिकली. हैदराबादच्या कंपनीने बनवलेला हनुमानाचा गेम त्याच्यासाठी 2009 मध्ये निघाला, इतक्या उशिरापर्यंत. दिवसाला दोन-तीन कन्सोल चिप बसवायला येत. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना नकली डिस्का चालवायच्या असत, हे लपवून लिहिण्यात अर्थ नाही. आम्हीही विचारत नव्हतो. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात 65अ हे कलम आलं. कुणाचा हक्क डावलण्याच्या हेतूने असं संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्याआधीच माझं मन त्यातून उठलं होतं. गेम बनवणाराही माझ्यासारखाच टेबलावर वाकून काम करणारा माणूस असतो, हे मला उशिरा कळलं. आता मी नवीन चिप बसवत नाही. जुन्या बसवलेल्या बिघडून येतात, त्या दुरुस्त करतो किंवा नीट काढून देतो.

आता त्या कामाविषयी.

प्लेस्टेशनच्या पहिल्या कन्सोलला चिप बसवणं सोपं होतं. मूळ डिस्कच्या आतल्या कडेला चार अक्षरांची एक खूण लपलेली असे, ती नकलेत उतरत नसे. आठ पायांची छोटी चिप तीच अक्षरं कन्सोलला ऐकवत राही. चार-पाच वायरींत काम संपे. प्लेस्टेशन 2 मध्ये मात्र वायरींची संख्या वीसच्या आसपास गेली. त्यातल्या कितीतरी वायरी ज्या आयसीच्या पायांवर जोडायच्या, त्या पायांमधलं अंतर मिलिमीटरभरही नसायचं. शिवाय काही ठिकाणी पाय नाहीच, फक्त बोर्डवरचं टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यावरचा हिरवा लेप नखाएवढ्या ब्लेडने खरवडून तांबं उघडं करायचं आणि त्यावर टाका घालायचा.

नवीन मुलाला वाटतं अवघड काम हे बारीक टाक्यांचं. मलाही तसंच वाटायचं. पहिले सहा महिने मी सगळं लक्ष त्या बारीक पायांवर देत होतो. दोन पाय झाळेने एकमेकांना चिकटले तर ते दिसतं, भिंगाखाली धरलं की चकाकतं, तांब्याच्या जाळीने उचलून घेता येतं. पण सगळ्यात जास्त वेळा जो टाका दगा देतो तो बारीक नसतोच. तो ग्राउंडचा, म्हणजे वीज परतीच्या वाटेचा असतो, सगळ्यात मोठा, ठसठशीत, कुणीही घालू शकेल असा वाटणारा.

याचं कारण साधं आहे. बोर्डमध्ये ग्राउंडचं तांबं पानभर पसरलेलं असतं. त्यावर सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवलं की उष्णता सगळीकडे पळते, जशी जाड तव्यावरची धग एका जागी राहत नाही. वायर मात्र केसाएवढी, ती क्षणात तापते. मग होतं असं की झाळ वायरीवर वितळते, तिच्याभोवती गोळा होते आणि थंड तांब्यावर नुसती बसते. वरून गोल, गुबगुबीत, पक्की दिसते. तांब्याला ती धरलेली नसते. तिच्या आणि तांब्याच्या मधे फ्लक्सचा पातळ पापुद्रा असतो. आमच्या धंद्यात याला ड्राय सोल्डर म्हणतात. चांगल्या टाक्याची कड पाण्याच्या थेंबाने काच धरावी तशी पसरत पातळ होत जाते. ड्राय टाक्याची कड आत वळलेली असते, अळवाच्या पानावरच्या थेंबासारखी.

आण्णा एकदा गाळ्यावर आले होते. मला डबा द्यायला. मी एक टाका घालत होतो, झाळ बसत नव्हती म्हणून अजून अजून वायर वितळवत होतो. ते शांतपणे बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, जागा तापल्याबिगर त्यो कसा धरंल? तू वरनं नुसता ढीग करतुयास." नंतर त्यांनी मला कल्हईवाल्याची आठवण करून दिली. गावी आजीच्या अंगणात मी कल्हई बघितलेली होती. भांडं भट्टीवर आतून-बाहेरून तापतं, मग नवसागराची चिमूट, पांढरा धूर, आणि कथलाचा एक तुकडा टेकवून कापसाने फिरवला की अख्ख्या भांड्यात चांदीसारखं चकचकीत पसरतं. कथील ढकलावं लागत नाही. जागा स्वच्छ आणि तापलेली असली की ते आपणहून धावतं. आण्णांच्या मुशीत टाकणखार हेच काम करतो, मळ उचलून घेतो आणि धातूला धातूपर्यंत पोहोचू देतो. आमच्या फ्लक्सच्या पेस्टचंही तेच काम.

हे मी त्या दिवशी ऐकलं. हातात यायला पुढे दोन वर्षं गेली. इंदिरापुरमचा कन्सोल त्या दोन वर्षांतला.

पहिल्या दिवशी मी त्याला आयर्न लावलं नाही. हे मी उस्तादांकडून घेतलं. त्यांचं एक वाक्य होतं, "पहले देख, फिर नाप, फिर छू." वीस वायरींचं काम बिघडून आलं की नवखा माणूस सगळे टाके एकेकदा परत गरम करतो. कधी कधी कन्सोल चालूही होतो. पण कोणता टाका वाईट होता हे कळत नाही, आणि बाकीचे एकोणीस चांगले टाके विनाकारण तापतात. बोर्डवरचं तांबं खालच्या थराला एका गोंदाने चिकटवलेलं असतं. तो गोंद किती वेळा आणि किती वेळ तापतो याला मर्यादा आहे. ती ओलांडली की तांब्याचा तुकडा आयर्नच्या टोकाबरोबर वर येतो. पॅड उचलला, असं आम्ही म्हणतो. मग पुढची रेघ शोधा, हिरवा लेप खरवडा, केसासारखी वायर टाका. माझ्याकडे येणाऱ्या चिपच्या कन्सोलांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या बिघाडाने मेलेले नसतात, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा घातलेल्या उष्णतेने मेलेले असतात. याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण हा बिघाड टाळता येतो.

तर पहिल्या दिवशी फक्त बघितलं. उघडा असताना चालतो आणि बंद केल्यावर नाही, याची सर्वात साधी शंका म्हणजे वायर पत्र्याखाली चेंगरते, तिचं आवरण फाटतं आणि ती पत्र्याला टेकते. मी प्रत्येक राखाडी वायर भिंगाखाली पूर्ण लांबीने तपासली. आवरण कुठेही फाटलं नव्हतं. मल्टिमीटर बीपवर ठेवून ग्राउंड सोडून प्रत्येक टोक पत्र्याशी जोडून बघितलं. आवाज नाही. शेजारच्या पायांशी बघितलं. आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी चिपचा वीजपुरवठा, ती लाल वायर, एका बाजूने सोडवली. हे मी नेहमी करतो आणि नव्या मुलांनाही पहिल्यांदा हेच शिकवतो. चिप बाजूला काढली की कन्सोल कारखान्यातून आला तसा वागला पाहिजे. वागला तर दोष चिपच्या बाजूला. पडदा काळाच राहिला तर कुठेतरी टाका टाक्याला भिडलाय किंवा बोर्डच दुखावलाय. कन्सोल नीट सुरू झाला, आणि अमेरिकेतली डिस्क घातल्यावर तोच लाल पडदा. म्हणजे बंद केल्यावर येणारा लाल पडदा हा कन्सोलचा दोष नव्हताच. झाकण लागलं की चिप गप्प होत होती, इतकंच.

मग लाल वायर परत जोडून मी प्लास्टिकच्या काडीने एक-एक टाका दाबत गेलो. मल्टिमीटरचं एक टोक चिपच्या ग्राउंडवर, दुसरं पत्र्यावर. आकडा अर्ध्या ओहमच्या खाली स्थिर. ग्लूचा दुसरा थेंब दाबला आणि आकडा पळाला. सोडला, परत स्थिर. पत्रा लावून स्क्रू आवळले की नेमका तोच थेंब दाबला जात होता, त्याखालची वायर ओढली जात होती, आणि ग्राउंडचा गोळा तांब्यावरून केसभर वर उचलला जात होता. इतकी वर्षं तो गोळा ग्लूच्या आधाराने तिथे बसून होता. मी ग्लू सोलून काढला आणि चिमट्याने वायर हलकेच ओढली. गोळा अख्खाच्या अख्खा निघून आला. त्याच्या खालच्या बाजूला तांबूस-पिवळा काच झालेला फ्लक्स होता. तांब्याला झाळ कुठेही लागलेली नव्हती.

मी बराच वेळ ते हातात धरून बघत राहिलो.

तो टाका घातला तेव्हाचे दिवस मला आठवतात. ते थंडीचे होते. लाजपतराय मार्केटच्या उघड्या गाळ्यात जानेवारीत सकाळी बोटं वळत नाहीत, आणि बोर्डही बर्फासारखा गार असतो. माझ्याकडे 25 वॅटचं साधं आयर्न होतं. मोसमानुसार काय बदलतं हे तेव्हा माझ्या लक्षात येत नव्हतं. तेच आयर्न, तोच हात, पण गार बोर्डवर ग्राउंडला लागणारी उष्णता त्याच्यात नव्हती. शिवाय मी बारीक टाक्यांसाठी घासून सुईसारखं केलेलं टोकच ग्राउंडलाही वापरत होतो. सुईच्या टोकातून तेवढी उष्णता जात नाही. ग्राउंडला चपटं, पटाशीसारखं टोक हवं, ते तांब्यावर आडवं टेकवून आधी जागा तापवायची, मग झाळ जागेवर लावायची, टोकावर नाही. वायर सगळ्यात शेवटी. आज मी बोर्ड आधी गरम हवेच्या ब्लोअरने हाताला सोसेल एवढा ऊबदार करून घेतो. थंडीत तर नक्की.

झाळेचीही गोष्ट आहे. जुनी झाळ कथील आणि शिशाची, 63 ला 37 या प्रमाणातली 183 अंशाला एकदम वितळते. युरोपने जुलै 2006 पासून शिसं बंद केलं आणि कारखान्यांतून येणारे बोर्ड बिनशिशाच्या झाळेचे झाले. ती वितळायला 217 च्या पुढे जावं लागतं, आणि चांगला टाकाही तिचा थोडा निस्तेज, रवाळ दिसतो. जुन्या हातांना तो ड्राय वाटतो. कितीतरी चांगले टाके त्या गैरसमजातून पुन्हा पुन्हा तापवून बिघडवलेले मी बघितलेत. रंगावरून ठरवू नये. कड बघावी.

आणखी एक सांगतो, कारण दिल्लीतल्या सगळ्या जुन्या कामात हे दिसतं. डबीतली ती पिवळी पेस्ट. टाका घालून झाल्यावर ती तशीच सोडून देत. मीही देत होतो. उन्हाळ्यात काही होत नाही. जुलैत हवेत ओल आली की पेस्ट ओल धरते, तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि दोन पायांमध्ये थोडी थोडी गळती सुरू होते. मग कन्सोल सकाळी चालत नाही, दुपारी चालतो. लोकांना वाटतं चिप मनमानी करते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुतलं की निम्म्या वेळा दुसरं काही करावंच लागत नाही. इंदिरापुरमच्या कन्सोलमध्येही बीआयओएसच्या पायांशी हिरवटपणा होता. तोही माझाच. धुऊन काढला.

उस्तादांची एक सवय मी तेव्हा मागासलेली समजायचो. आयसीच्या पायाला टेकवण्याआधी ते आयर्नचा प्लग भिंतीतून उपसून काढत, आणि टोक तापलेलं असेपर्यंत दोन-तीन टाके घालून परत लावत. त्या बाजारात अर्थिंग नावालाही नव्हतं. आयर्नच्या दांड्याला हात लागला की मुंग्या यायच्या. तीच गळती चिपमध्ये गेली तर ती आतून मरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. दहा-बारा आयसी गमावून त्यांना ते कळलं होतं. माझ्या टेबलाला आज स्वतंत्र अर्थिंग आहे, आणि स्वेटर घालून मी कधी बोर्डला हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ग्राउंडची जागा ब्रशने घासून लख्ख केली, बोर्ड ऊबदार केला, पटाशीचं टोक तांब्यावर टेकवलं आणि तीन सेकंद काही केलं नाही. मग झाळ जागेला लावली. ती एका दमात पसरली, कल्हईसारखी. वायर त्यात बुडवली, आयर्न उचललं, हात न हलवता फुंकही न मारता थांबलो. फुंकर मारली तर टाका आतून रवाळ होतो, हे आण्णांनी सांगितलेलं. सोन्याचा डाग देताना तेही कधी फुंकत नसत.

लाल वायरीचा टाका सोडला तर बाकीच्या टाक्यांना हात लावला नाही. ग्राउंडची वायर तेवढी चार सेंटिमीटरने आखूड केली, आणि ती पत्र्याखालून न नेता कडेने नेली. ग्लूचा थेंब पुन्हा टाकला, पण टाक्यापासून लांब, वायरीला आधार म्हणून. पत्रा लावला, सगळे स्क्रू आवळले, डिस्क घातली.

तो तरुण आला तेव्हा मी त्याला निघालेला गोळा दाखवला. त्याने तो हातात घेऊन वर-खाली फिरवून बघितला आणि खिशात टाकला. का ते मी विचारलं नाही. कन्सोल त्याने माझ्या टेबलावर तीनदा चालू-बंद करून बघितला, तिन्ही वेळा चालला. जाताना त्याने पैशांबद्दल पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो.

प्लेस्टेशन 2 चं उत्पादन 2012 च्या अखेरीस थांबलं. ज्यांच्या घरी असा चिप बसवलेला कन्सोल माळ्यावर पडून असेल त्यांना माझी एकच विनंती आहे. चालत नसेल तर तो अशा माणसाकडे न्या जो पहिल्या दिवशी आयर्न तापवणार नाही. आणि दुरुस्त करणारा म्हणाला की सगळे टाके एकदा गरम करून बघतो, तर त्याला थांबवा आणि आधी ग्राउंड बघायला सांगा.